गुन्ह्यावाचून कैद

तुरुंग म्हटला की गुन्हेगार आणि शिक्षा या दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, अशी माणसेही आपल्या देशातील तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडली होती. त्यांचा 'अपराध' एकच : ती मनोरुग्ण होती. भटकणाऱ्या किंवा घरच्यांना न सांभाळता येणाऱ्या रुग्णाला 'सुरक्षित ताब्या'च्या नावाखाली तुरुंगात धाडले जाई. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेचा दिवस ठाऊक असतो. येथे खटलाच नव्हता, म्हणून शिक्षेची मुदत नव्हती आणि सुटकेचा दिवसही नव्हता.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला तो मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. तुरुंगाची वाट त्यांना नवी नव्हती. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र हीच याचिका मानून न्यायालयाने चौकशी करविली आणि १९८३ मध्ये आदेश दिला : स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री-पोलिसांचाच पहारा असावा आणि त्यांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी.

पुढे महाराष्ट्रातील तुरुंगांत मुलाखती घेण्याची त्यांना मिळालेली परवानगी काढून घेण्यात आली. त्याविरुद्धही त्या न्यायालयात गेल्या. नियमांच्या मर्यादेत पत्रकाराला कैद्यांना भेटता यावे, मात्र कैद्याची संमती असल्याशिवाय मुलाखत घेऊ नये, असे न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले. भिंतीआड काय घडते हे समाजाला कळण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहिला. तसाच कैद्याचा मानही राखला गेला.

मनोरुग्णांच्या प्रकरणात न्यायालयाने तज्ज्ञांकडून पश्चिम बंगालमधील तुरुंगांची पाहणी करविली. १७ ऑगस्ट १९९३ रोजी निकाल लागला : गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे तत्त्व अधिक बळकट केले. पोलिसांनी संरक्षणाखाली घेतलेल्या अशा व्यक्तीला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.

बातमी देणे आणि शोध घेणे यांत अंतर आहे. घडलेली गोष्ट बातमी सांगते. दडलेली गोष्ट शोधपत्रकारिता उजेडात आणते. त्यासाठी प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते, ऐकलेले पडताळावे लागते आणि प्रसंगी लिहून झाल्यावरही पाठपुरावा करावा लागतो. ज्याला स्वतःची कैफियत मांडता येत नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार आपोआप उघडत नाही. ते कोणीतरी ठोठवावे लागते.

पाठगत प्रश्न
१. शिक्षा झालेला कैदी आणि तुरुंगातील निरपराध मनोरुग्ण यांच्या स्थितीत कोणता फरक होता?
२. मुलाखतीसाठी कैद्याची संमती का आवश्यक असावी? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.