तक्त्सांगला जायचंय? आधी रात्री मोजा

भूतानच्या पारो खोऱ्यातल्या कड्यावरचा तक्त्सांग मठ फोटोत दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘तिकीट किती?’ पण तिकीट एकदाच काढायचं असतं. खिसा रिकामा होतो तो तिथे काढलेल्या रात्रींमुळे.

मुक्कामाचं शुल्क : भारतीय नागरिकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातलगांना हा भारतीयांचा दर लागू नाही. ओसीआय कार्ड असलं तरी रात्रीला १०० डॉलर.

मठाचं तिकीट : प्रौढांना माणशी २,००० रुपये. ते पायथ्याशीच काढायचं. वर मिळत नाही.

हिशोब : नवरा-बायको, चार रात्री : शुल्क ९,६०० आणि तिकिटं ४,०००, म्हणजे १३,६०० रुपये. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. स्वतःची गाडी नेल्यास दिवसाला आणखी ४,५००. त्यापेक्षा ती सीमेवरच्या जयगावला ठेवून पलीकडे फुन्त्शोलिंगहून टॅक्सी केलेली बरी.

कागदपत्रं : व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधारवर काम होत नाही. भारतीय रुपया तिथे चालतो, मात्र शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

चढण : मठ सुमारे ३,१२० मीटरवर आहे. चढायला दोन-तीन तास धरा. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच मिळतो आणि उतरताना मिळतच नाही. शेवटी दरीत उतरून पुन्हा चढायच्या शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील, तर वाटेतल्या कॅफेटेरियातूनच दर्शन घेऊन परतावं. तिथून मठ छान दिसतो. मग तिकिटाचे २,०००ही वाचतात. दुपारी १ ते २ मठ बंद असतो, म्हणून सकाळी आठलाच निघा.

आत जाताना : पूर्ण बाह्यांचे, पाय झाकणारे कपडे घाला. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या दाराशी ठेवाव्या लागतात. गुरू पद्मसंभवांनी जिथे ध्यान केलं असं मानतात, त्या गुहेभोवती १६९२ मध्ये हा मठ उभा राहिला. १९९८ च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला.

चढाई पारोत पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी न करता मुक्कामाच्या शेवटी ठेवा, म्हणजे उंचीची सवय होते. दर बदलतात, परवान्याचा अर्ज भरताना ते पुन्हा तपासून घ्या.