दृष्टिपटलावरील सौम्य गाठी : निदान व उपचार

जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या व्याधीची ओळख करून देण्याचा आमच्या अहवालाचा प्रघात आहे. यंदा दृष्टिपटलावरील, म्हणजे बोलीभाषेत डोळ्याच्या पडद्यावरील, सौम्य गाठींचा विषय घेतला आहे. ‘गाठ आहे, पण कर्करोगाची नाही’ हे ऐकून रुग्ण निर्धास्त होतो आणि पुढील तपासणीस येत नाही. सौम्य गाठ शरीरात अन्यत्र पसरत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दृष्टी सुरक्षित आहे, असा नव्हे.

पडद्यामागील तिळासारख्या डागास बहुधा उपचार लागत नाहीत. ठरावीक काळाने छायाचित्र काढून तुलना केली म्हणजे पुरते. रक्तवाहिन्यांच्या गाठीचे, अर्थात हिमँजिओब्लास्टोमाचे, तसे नाही. ही नारिंगी-तांबडी वाटोळी गाठ बहुधा पडद्याच्या कडेला असते, त्यामुळे आरंभी काहीच जाणवत नाही. पुढे तिच्यातून द्रव झिरपून दृष्टीच्या मध्यबिंदूशी साचतो, प्रसंगी पडदाही सरकतो. केवळ चष्म्याचा नंबर काढून ती सापडत नाही. थेंब घालून, बाहुली मोठी करून, कडेपर्यंत पाहावे लागते. हाताच्या शिरेत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या छायाचित्रांत ती उजळून दिसते. लहान गाठ लेसरने आटोक्यात येते, कडेच्या मोठ्या गाठीस अतिशीत उपचार करतात, तर निवडक रुग्णांना किरणोत्सारी चकती लागते. अशी रुथेनियमची देशी चकती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केली असून ती २०२० च्या सुमारास वापरात आली.

जर्मन नेत्रवैद्य हिपेल यांनी १९०४ मध्ये पडद्याच्या या व्याधीचे वर्णन केले. स्वीडनच्या लिंडाउ यांनी १९२६ मध्ये तिचा मेंदूतील गाठींशी संबंध दाखविला, तर १९९३ मध्ये सदोष जनुक सापडले. हा आनुवंशिक दोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो आणि त्यात मूत्रपिंडाचा कर्करोगही उद्भवू शकतो. डोळ्यातील गाठ ही पुष्कळदा त्याची पहिली खूण ठरते. म्हणून रुग्णाच्या मेंदूची, मज्जारज्जूची व पोटाची तपासणी करावी. भावंडे व मुले यांचे डोळेही तपासावेत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत, तर दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात. या व्याधीत मात्र खाट क्वचितच लागते. लागते ते वर्षानुवर्षे फलटणहून पुण्याचे भाडे, आणि बुडते ती दिवसाची मजुरी. त्यासाठी आम्ही निराळे खाते ठेवले आहे. देणगीदारांनी पावतीवर ‘नेत्रविभाग, प्रवास’ असे लिहवून घ्यावे, ही विनंती.