मुकादमासमोर हजेरी विचारू नकोस

संकेश्वर

चि. बाळ,


परवा बाजारात मिरची घेताना निपाणीची एक ओळखीची बाई भेटली. म्हणाली, "तुमचा भाचा तंबाखूच्या वखारीत आला होता. मुकादमासमोरच आम्हाला हजेरी किती पडते विचारत होता." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

खरं आहे का हे? मुकादम उभा असताना कुठली बाई मजुरीचा खरा आकडा सांगेल? आणि एखादीनं सांगितलाच, तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतील का? कॉलेजात तू मजुरीतली विषमता शिकवतोस. तुला हे सुचायला हवं होतं.

तुझ्या आज्जीनं तंबाखू चाळण्यात जन्म काढला. घरी येऊन पदर झटकला की सगळ्यांना ठसका लागायचा. माल चांगला की हलका, हे ती चिमटीत घेऊन सांगायची. तरी असलं काम अकुशलच धरतात. मजुरीवर लिहिशील त्यात हे लिही. घरी बिड्या वळणाऱ्यांना नुसता हजाराचा दर विचारू नकोस. खराब म्हणून किती बिड्या काढून टाकल्या, पान कमी पडलं तर पदरचे किती घातले, तेही विचार. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं, पण रजिस्टरात नावच नसेल तर ती कुणाला काय दाखवणार? पण हे सगळं विचारायचं ते मुकादमाच्या माघारी.

मीही एकदा चुकलेच. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीला हायवेवर बसले. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ जण गेले. तेव्हा घरोघरी भावाचंच बोलणं. आईला हजेरी किती मिळते, हे मात्र मी कधी विचारलं नाही. ती गेली, आता कुणाला विचारू?

रागानं लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. शिकून सवरून तू वखारीची पायरी चढलास, याचं मला फार कौतुक आहे. संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर बायांच्या घरी जात जा. वहीत नावं लिहू नकोस. हवं तर मी सोबत येते, माझ्याशी त्या मोकळ्या बोलतात.

तुझा खोकला कसा आहे? वखारीत नाकाला रुमाल बांधत जा. रविवारी जेवायलाच ये, भरीत-भाकरी करते. मग निपाणीच्या त्या बाईकडे जाऊ. तिनं राग धरलेला नाही. पोरगं गुणाचं आहे, म्हणत होती.

तुझी,
आत्या