खाणपट्ट्यात, नदीकाठी तंबू

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघे मित्र गोव्यात, सांगे भागात, बंद खाणींजवळ नदीकाठी तंबू ठोकून राहणार आहोत. हॉटेल नको, सोयी नकोत. काय जपावे?
— एक वाचक, फणसवाडी, गिरगाव

उत्तर : कोकणकन्या एक्सप्रेसने मडगावला उतरा, पण तंबू उघडण्याआधी जमिनीचा मालक शोधा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चमध्ये तिथले उत्खनन थांबले. खाण थांबली म्हणजे जागा बेवारशी झाली, असे मात्र नाही. पंचायतीत विचारा; जंगल असेल तर वन खात्याची परवानगी हवीच.

खरा धोका खड्ड्यांचा. पाण्याने भरलेली खाण तळ्यासारखी शांत दिसते, पण कडा सरळ तुटलेल्या आणि काठ भुसभुशीत. पोहायचा मोह आवराच. मातीच्या ढिगाऱ्यांखालीही झोपू नका. पिण्याचे पाणी गावातूनच घ्या, कारण उकळून जंतू मरतात, विरघळलेले लोह-मँगनीज जात नाही.

तंबू काठापासून दूर, पूररेषेच्या वर. शौचासाठी पाण्यापासून साठेक मीटरवर वीतभर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. बूट झटकून घाला. विंचू काही आमंत्रणाची वाट पाहत नाही.

आणि कुशावती नदीकाठचे पणसायमळ चुकवू नका. तिथे जांभ्यावर कोरलेले बैल आहेत, चक्रव्यूहही आहे. त्या कातळावर चूल किंवा खुंटी मात्र अजिबात नको.