कावासाकी रोग : शिक्षकांनी ध्यानी ठेवावयाची चिन्हे

पाचगणीच्या शिक्षकास स्ट्रॉबेरीची ओळख करून द्यावयास नको. तापाने फणफणलेल्या बालकाची जीभ त्या फळासारखी लाल व दाणेदार दिसली, तर मात्र तो ताप साधा समजू नये. टोकियोचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांच्या एका मुलात हा रोग प्रथम पाहिला व १९६७ साली अशा पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

या रोगात रक्तवाहिन्यांचा दाह होतो. तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांस होतो. म्हणून अंगणवाडीतील व पहिलीतील मुलांकडे विशेष लक्ष असावे. पाच दिवस वा अधिक टिकणारा तीव्र ताप हे मुख्य लक्षण होय. त्याच्या जोडीला पुढील चिन्हे पाहावीत :

(१) दोन्ही डोळे लाल, पण चिपडे नाहीत.
(२) ओठ लाल व फुटलेले, जीभ दाणेदार.
(३) अंगावर पुरळ.
(४) हातापायांचे तळवे लाल व सुजलेले.
(५) मानेत गाठ.

सर्व चिन्हे एकाच वेळी दिसतीलच असे नाही.

पुरळ पाहून घरची मंडळी पुष्कळदा गोवर समजतात व वाट पाहतात. ताप कालांतराने आपोआप उतरतोही. परंतु उपचार न झाल्यास सुमारे चारांपैकी एका मुलाच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना इजा होऊन त्या फुगतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत रुग्णालयात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो. अ‍ॅस्पिरिनही देतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरी देऊ नये.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. दिवस मोजणे मात्र त्यास सहज शक्य आहे. हजेरीपटावर मूल तापामुळे सलग गैरहजर दिसताच घरी चौकशी करावी. पाचवा दिवस उलटला असल्यास पसरणीचा घाट उतरून वाई अथवा सातारा येथे बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास पालकांस सांगावे. आजारातून उठून आलेल्या मुलाच्या बोटांच्या टोकांची साले निघत असतील, तर ताप गेला म्हणून निश्चिंत न राहता त्याच्या हृदयाची तपासणी करवावी.

हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. बरे झालेल्या मुलास वर्गात वेगळे बसवू नये.