बंड की संप? : १९४६ चे नाविक

कॅडेट मित्रहो, मुंबईच्या कुलाब्यातील ‘तलवार’ हे जहाज नव्हते. ती रॉयल इंडियन नेव्हीची किनाऱ्यावरची सिग्नल शाळा होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथल्या नाविकांनी नाश्ता नाकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि कमांडर किंग यांच्या शिव्या यांना ते विटले होते.

इरुंगाट्टुकोट्टैतल्या मराठी घरांतील मुलांना मी सुट्टीत हा भाग शिकवला. त्यातल्या एका कॅडेटने विचारले, “काका, गणवेशातल्या माणसाने हुकूम मोडला तर ते बंडच ना?” प्रश्न रास्त होता. नियमाने बंडच, असे मी सांगितले. सरकारही तेच म्हणत होते. नाविकांनी मात्र स्थापन केली ती संप समिती, अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. गंमत अशी, की ‘तलवार’वरचे टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त यांनी १९७१ मध्ये आठवणी छापल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘म्युटिनी’ हा शब्द घातला. भाग घेतलेल्याचे अनुभव वाचताना असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. त्या दिवशीचा शब्द आणि पंचवीस वर्षांनंतरचा शब्द एकच असतो असे नाही.

आंदोलन कराचीपासून मद्रासपर्यंत पसरले. ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक त्यात होते. २१ तारखेला मुंबईच्या कॅसल बॅरक्समध्ये गोळीबार झाला. जहाजांवर अन्न कमी पडू लागले, तेव्हा साधे मुंबईकर खाण्याच्या पुड्या आणि फळे घेऊन गेटवेवर आले. दुसऱ्या दिवशी शहर बंद होते. परळला गोळी लागून कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसे गेली. दत्तांचे पुस्तक आपल्याला मिळते. पुडी घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांनी काहीच लिहून ठेवले नाही. इतिहास वाचताना मला हीच उणीव सर्वांत जास्त बोचते.

सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून नाविक २३ तारखेला शरण गेले. अनेकांना बडतर्फ केले गेले आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतले नाही.

आता वहीत दोन रकाने आखा. चांगले जेवण, समान पगार, किंगवर कारवाई, आझाद हिंद सैनिकांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे या त्यांच्या मागण्या. यांतल्या कोणत्या मागण्या ‘तलवार’च्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या पातळीवर सोडवता आल्या असत्या, आणि कोणत्या नाहीत?