जुन्या ट्रॅक्टरसाठी स्पार्क प्लगची निवड

ठिणगीवर चालणारा जुना ट्रॅक्टर ऐन नांगरटीत अडखळू लागला, की बाजारातून नवे प्लग आणून बसविण्याचा उपाय सर्वप्रथम सुचतो. उपाय स्वस्त आहे. परंतु आट्यांत बसला म्हणजे प्लग योग्य ठरला, ही समजूत महागात पडते. चुकीच्या प्लगामुळे पिस्टन जळाल्यास होणारा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. वाफसा निघून जातो तो निराळाच.

आपल्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग आहे काय, हे प्रथम पाहावे. आज महाराष्ट्रात दिसणारे बहुतेक सर्व ट्रॅक्टर डिझेलवर चालतात व डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार होऊ लागण्यापूर्वी मात्र परदेशी ट्रॅक्टरांवरच भिस्त होती आणि त्यांत पेट्रोल व रॉकेलवर चालणारे पुष्कळ होते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हे त्याचे चांगले उदाहरण होय. या ट्रॅक्टरच्या नामपट्टीवरील अक्षरांवरून इंधन कळते : टीईए म्हणजे पेट्रोल, टीईडी म्हणजे ट्रॅक्टरसाठीचे विशेष रॉकेल, टीईएच म्हणजे दिव्याचे रॉकेल आणि टीईएफ म्हणजे डिझेल. तथापि साठ-सत्तर वर्षांत इंजिन बदलले गेले असण्याचा संभव असतो. म्हणून पट्टीवर विसंबून न राहता इंजिन प्रत्यक्ष पाहणे श्रेयस्कर. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर नाही, पण पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप अथवा पाण्याचा पंप आहे, त्यांनाही पुढील नियम लागू पडतात.

जुना प्लग हाती घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आट्यांचा व्यास. तो बहुधा १४ किंवा १८ मिलिमीटर असतो. काही जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरांत पाऊण इंचाहून मोठा, म्हणजे ७/८ इंचाचा असतो. दुसरी, बैठक सपाट वॉशरची आहे की निमुळती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आट्यांची लांबी. १४ मिलिमीटरच्या प्लगांत ९.५, १२.७ व १९ मिलिमीटर अशा लांबी सर्रास मिळतात आणि तिन्ही एकाच भोकात सहज फिरतात! लांब प्लग आत डोकावतो, प्रसंगी पिस्टनवर आपटतो. आखूड प्लगाची ठिणगी खळग्यात राहते व उघड्या आट्यांवर काजळीचा थर बसून पुढे योग्य प्लगही नीट बसत नाही. आधी कोणीतरी चुकीचाच प्लग बसविला असेल, तर त्याचे माप घेऊन उपयोग नाही. ट्रॅक्टरची पुस्तिका मिळवून ताळा पाहावा.

यानंतर प्लगच्या उष्णतेचा विचार येतो. खरी फसगत येथेच होते. प्लगच्या आतील चिनी मातीचे नाक लांब असेल, तर त्यातील उष्णता सिलिंडरच्या डोक्याकडे सावकाश जाते. असा प्लग गरम म्हटला जातो. नाक आखूड असलेला तो थंड. नाकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिले, तरच त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. ही उष्णता प्लगवरील आकड्यावरून ओळखतात; पण सर्व कारखान्यांची रीत एक नाही. चॅम्पियन व बॉश यांच्या प्लगांवर आकडा वाढला की प्लग अधिक गरम. एनजीके व डेन्सो यांच्यात आकडा वाढला की अधिक थंड. ‘त्याच नंबरचा दुसऱ्या कंपनीचा’ प्लग दुकानदाराने पुढे केला, तर तो घेऊ नये. तुलनेचा तक्ता मागावा.

काढलेले प्लग फेकण्यापूर्वी ओळीने मांडून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल, तर उष्णता योग्य आहे व तोच प्रकार पुन्हा घ्यावा. कोरडी काजळी असल्यास इंधन अधिक जात असावे किंवा प्लग थंड असावा. पांढरे, फोड आलेले टोक अतिउष्णतेची खूण आहे. तेथे इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ आधी तपासावी. टोक तेलकट, ओले असेल, तर पिस्टनच्या कड्या झिजून वंगण वर येत आहे असे समजावे. अशा इंजिनात एक पायरी गरम प्लग वापरून हंगाम निभावतो खरा. पण कड्या बदलण्याचे काम टळत नाही. रॉकेलच्या ट्रॅक्टरात आणखी एक कारण संभवते : पेट्रोलवर इंजिन पुरेसे तापण्याआधीच रॉकेलचा कॉक फिरविणे. न जळलेले रॉकेल प्लग भिजविते व खाली उतरून वंगण पातळ करते. ही सवय असेल तोवर कितीही चांगले प्लग आणले तरी व्यर्थ.

मॅग्नेटोच्या इंजिनास रोधक नसलेला प्लग घ्यावा. फट पुस्तिकेप्रमाणे पट्टीने मोजावी. नव्या प्लगाची तयार फट बरोबरच असेल असे मानू नये. ती बदलताना बाहेरची दांडी वाकवावी, मधल्या दांडीवर जोर देऊ नये.

इंजिन थंड असतानाच प्लग काढावेत. भोवतालची माती आधी झाडावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. तारांवर क्रमांक बांधावेत. टीई-२० मध्ये ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा. हाताने जात नसेल तर आटे चुकले आहेत, पाना लावू नये. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा पुरे. पाच-सहा तास नांगर ओढल्यावर इंजिन रिकामे चालू न ठेवता बंद करावे, थंड झाल्यावर एक प्लग काढून रंग पाहावा आणि प्लगचा पूर्ण क्रमांक ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवावा.